वाडी-खिद्रापूर : एक मुक्काम टाका, गाडीवाल्याचं ऐकू नका

कोल्हापुरात पाहुणे आले की पहिला दिवस ठरलेला. अंबाबाई, रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. दुसऱ्या दिवशी गाडी करायची आणि जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर असं सगळं एका दमात उरकायचं. नागपूरची मावशी पौषात आली तेव्हा मीही एका गाडीवाल्याला फोन लावला. सकाळी सातला निघू, रात्री नऊला घरी सोडतो, म्हणाला. जोतिबा-पन्हाळा एका दिशेला, वाडी-खिद्रापूर बरोबर उलट्या दिशेला, म्हणून विचारलं, "खिद्रापूरला थांबणार किती वेळ?"

"अर्धा तास रग्गड झाला की साहेब. दगडच हायत."

तिथंच फोन ठेवला. शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, दगड असो नाहीतर बीड (ओतीव लोखंड), कुणी नीट घडवलेलं असेल तर ते बघायला मला वेळ लागतो. पन्हाळा-जोतिबा वेगळ्या दिवसावर टाकलं आणि मी, बायको, आई आणि मावशी असे चौघं एस्टीनं वाडीला गेलो, मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघितलं. त्याचा हा हिशेब. देवस्थानाला गुण देणारा मी कोण? गुण दिलेत ते खोलीला, जेवणाला, पेढ्यांना आणि रिक्षाला.

आधी एस्टी. सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, कुरुंदवाडकडच्या गाड्या मिळतात. त्यातली हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत वाडीला जाणारी गाडी बघून घ्यायची, कारण काही गाड्या इचलकरंजीवरून फिरतात. वेळ दीड-दोन तास धरा. मावशी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला आधार कार्डावर एस्टी फुकट. आई आणि बायको अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट काढणारा गाडीत जवळजवळ मी एकटाच. वाटेतलं जयसिंगपूर मावशीला खिडकीतून दाखवलं. शाहू महाराजांनी आखून वसवलेली पेठ, वडिलांचं, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांचं, नाव दिलेली. सरळ रस्ते, काटकोनात चौक. पुढं शिरोळ तालुका लागला की दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधेच एखादा पांढरा पडलेला, काही न उगवणारा पट्टा. ती क्षारपड जमीन. वर्षानुवर्षं पाणी जास्त झालं की काळ्या रानाचं काय होतं ते बघायचं असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या चालतात.

स्वतःची गाडी नेणार असाल तर एवढंच सांगतो: गळीत हंगामात अंधार पडल्यावर या रस्त्यावर येऊ नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढं असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नाही.

आता खोली. वाडीत उतरायला देवस्थानाचे भक्तनिवास आहेत, खासगी लॉज आहेत, आणि जुन्या पद्धतीनं पुजाऱ्यांच्या घरीही उतरता येतं. आमची सोय एका ओळखीच्यांनी देवळाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका घरगुती निवासात केली. घराचं नाव देत नाही, मालक साधी माणसं आहेत, त्यांना फोनांचा त्रास नको. खोली स्वच्छ. चादरी खरोखर धुतलेल्या, नुसत्या झटकलेल्या नव्हेत, हे आईनं वास घेऊन सांगितलं. गादी पातळ. गरम पाणी बंबाचं, सकाळी पाच ते सात, नंतर आलात तर नशीब. पहाटे काकड आरतीचा स्पीकर थेट उशाशी, तेव्हा झोपायलाच जाणार असाल तर वाडीला जाऊ नका.

मला त्या घरात आवडलं ते वेगळंच. तळमजल्यावर लाकडाचा एक तुकडा नाही. कपाट म्हणजे भिंतीत बसवलेल्या कडाप्प्याच्या फळ्या, पलंग लोखंडी आणि खोलून ठेवता येणारे, विजेची बटणं माझ्या डोक्याच्याही वर. जिन्याच्या भिंतीवर रंगानं मारलेल्या रेघा होत्या. एक २००५ ची, तिच्या बऱ्याच वर २०१९ ची. मालकीणबाई सांगत होत्या की नदी पायऱ्यांच्या वर चढली की पलंग वर न्यायचे, धान्य वर न्यायचं, आणि पाणी ओसरलं की गाळ धुवायला पाणी शिरोळहून टँकरनं मागवायचं. सांगताना चेहऱ्यावर तक्रार नव्हती, पाळी वाटून घेतल्याचा हिशेब होता. वापरणाऱ्या माणसानं स्वतः आखलेलं घर असं असतं. खोलीला पाचपैकी चार. एक गुण भिंतीच्या ओलीमुळं कापला. दम्याचं माणूस बरोबर असेल तर वरची खोली मागा, पण मग जिना चढायची तयारी ठेवा.

देवळाबद्दल थोडं, कारण पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळतो. शिखर शोधत बसतो आणि ते सापडत नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथं परत आली, म्हणून त्यानं हे देऊळ बांधून दिलं आणि औरवाड-गौरवाड ही पलीकडची गावं इनाम दिली, अशी वाडीतली कथा आहे. म्हणून बांधणीला कळस नाही. आत मूर्ती नाही, पादुका आहेत. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथं औदुंबराखाली बारा वर्षं राहिले, मग गाणगापूरला गेले. पादुकांचं दर्शन लहानशा चौकटीतून वाकून घ्यायचं. रांगेत पुढच्याची पाठ संपली की तुमचा एक क्षण, की मागून "चला, चला". पौर्णिमा, गुरुवार आणि दत्तजयंती टाळलीत तर तो क्षण दहा-पंधरा क्षणांचा होतो. आम्ही मंगळवारी होतो, मावशीला हवा तेवढा वेळ मिळाला.

आणि पावसाळ्याचं सांगितल्याशिवाय वाडी कळत नाही. कृष्णा चढते, पाणी उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या वाहत्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात, तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. नदीचं चढणं-उतरणं धरूनच देवळाचा सगळा नित्यक्रम बसवलेला आहे. तरी वयस्कर माणसांना घेऊन पुराच्या दिवसांत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ढकलाढकली असते.

थंडीत मात्र घाट पूर्ण उघडा असतो. नदी समोर, पलीकडे औरवाड, आणि सूर्य थेट पाण्याच्या पलीकडून वर येतो. सकाळी साडेसहाला घाटावर बसलात तर पुजारी सोवळ्यात घागरी भरून नेताना दिसतात. गाडीवाल्याच्या पॅकेजात वाडी दुपारी दोनला येते. तेव्हा उन्हानं तापलेल्या पायऱ्या आणि चपलांचा ढीग एवढंच हाती लागतं. रात्री पालखी असते. ती पावसाळ्यात बंद. टाळांच्या मागं लोक पदं म्हणत चालतात. मावशी नागपूरची, तिला एकही पद येत नव्हतं, तरी पहिल्या फेरीनंतर ती पालखीच्या बरोबर मागं होती आणि आम्ही तिला शोधत होतो.

अभिषेक करायचा असेल तर पावती देवस्थानाच्या कार्यालयातच फाडा. वाटेत कोणी "लगेच करून देतो" म्हणाला तर हात जोडून पुढं जा.

जेवण. दुपारी देवस्थानाचा महाप्रसाद असतो, तो आम्ही घेतला: साधा, गरम, रांग भरभर सरकते. रात्री घरगुती खानावळीत बसलो. आमच्या कोल्हापूरकरांची गोची अशी की वाडीत रस्सा मटणाचा मिळत नाही, आणि मिळू नये. पण कृष्णाकाठचं वांगं मिळतं. हिरवट, काटेरी देठाचं, कमी बियांचं. भरीत खाल्लं तर भाजल्याचा वास आधी येतो आणि तिखट नंतर. वाढणाऱ्या काकूंनी भाकरी तव्यावरून थेट ताटात टाकली. बासुंदी मात्र फार गोड. मावशीनं दुसरी वाटी मागितली, त्यामुळं माझं मत घरात कुणी धरत नाही. जेवणाला साडेचार.

पेढ्यांचा विषय नाजूक आहे. देवळाकडं जाणारा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना पेढ्यांचीच दुकानं, आणि प्रत्येक जण हातावर चव ठेवतो. चव ठेवलेला पेढा आणि डब्यात भरलेला पेढा एकच असेल असं नाही. एका दुकानात तर पुठ्ठ्याच्या जाड डब्यासकट वजन केलं. मी डबा रिकामा करून परत तोलायला लावला तेव्हा काटा बराच खाली आला. दिवसभर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात असलेल्या माणसाला असं फसवू नये. पुढच्या दुकानातून घेतले, तिथं आधी डबा ठेवून काटा शून्यावर आणला आणि मग भरले. नाव मी दोघांचंही घेत नाही, तुम्ही काट्याकडं बघा म्हणजे झालं. खरं तर वाडीला जाऊन पेढ्यांपेक्षा कवठाची बर्फी घ्यावी. आंबट-गोड, जिभेला किंचित धरणारी, आणि ही बर्फी सगळीकडं मिळत नाही. बर्फीला पाचपैकी पाच.

दुसऱ्या दिवशी रिक्षा. वाडीहून खिद्रापूरला थेट एस्टी मिळेल या भरवशावर राहू नका. कुरुंदवाडहून गाड्या आहेत, पण वेळा अशा की गेलात तर परत कधी येणार हे गावालाच विचारावं लागतं. आमच्या मालकीणबाईंनी कुरुंदवाडचे एक रिक्षावाले चाचा बोलावून दिले. भाडं जाऊन-येऊन, थांबण्यासकट, आधीच ठरलं. माझी अट एकच होती: घाई करायची नाही. चाचा म्हणाले, "घाई केली तर मला काय मिळणार? तुमचं बघून होऊ दे, मी सावलीत पडतो." पूर्ण गुण तिथंच दिले.

पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांचं जुनं संस्थान. घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात, तिथं दहा मिनिटं थांबा. चाचांनी गावातल्या मशिदी दाखवल्या आणि गणेशोत्सवात तिथं गणपती बसतो हे सांगितलं. मावशीला खरं वाटेना. "आमच्या लहानपणापासून बसतोय," एवढंच बोलून त्यांनी गिअर टाकला.

पुढं अकिवाट, सैनिक टाकळी. टाकळी म्हणजे घरटी फौजी असलेलं गाव. मग राजापूर, जिथल्या बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो. आणि मग रस्ता संपतो, कारण तिथं महाराष्ट्रच संपतो. पलीकडे कर्नाटक. मोबाइलनं दोनदा राज्य बदललं.

कोपेश्वर बाहेरून बसकं दिसतं. मावशीचा चेहरा जरा पडलाच. मग देवळाच्या पुढच्या खांबांच्या मंडपात, म्हणजे स्वर्गमंडपात गेलो.

छत मधोमध उघडं आहे. सुमारे तेरा फुटांचं गोल भोक, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा, तिला रंगशिळा म्हणतात. भोकाच्या कडेला बारा खांबांचं वर्तुळ, त्याच्या मागं आणखी रांगा, सगळे मिळून ४८ खांब. खांब खालपासून वरपर्यंत एका आकाराचा नाही. चौकोनी सुरू होतो, अष्टकोनी होतो, मग गोल, मग बांगड्यांवर बांगड्या. त्या बांगड्या लेथवर फिरवल्यासारख्या आहेत. दगडी खांब त्या काळी फिरवून घडवत असं अभ्यासक मानतातच. मी नखानं खाच चाचपून बघितली. शेजारच्या खांबाची खाच त्याच उंचीवर. त्याच्या शेजारच्याचीही. आज माझ्या कारखान्यात पन्नास जॉबचा लॉट काढला तर दोन-तीन बाद जातात. इथं बाद गेलेला खांब कुठं टाकला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. या भागात असा दगडच नाही. तो सह्याद्रीकडून आणला म्हणतात, म्हणजे बाद जाणं परवडणारंही नव्हतं.

गाभाऱ्याकडं जाताना अंधार वाढत जातो. डोळे सरावायला वेळ द्या. अर्ध्या तासाच्या पॅकेजातला माणूस डोळे सरावायच्या आत बाहेर पडलेला असतो. आत दोन लिंगं आहेत: कोपेश्वर म्हणजे शंकर आणि धोपेश्वर म्हणजे विष्णू. दक्षयज्ञानंतर कोपलेल्या शंकराची समजूत काढायला विष्णू आला, ही इथली गोष्ट. नंदी देवळात नाहीच. तो कृष्णेपलीकडं यडूरला आहे असं सांगतात. आईनं लगेच विचारलं, "मग यडूरला कधी?" असा आमचा प्रवास वाढतो.

बाहेरून पूर्ण फेरी मारा. देवळाचा भार हत्तींच्या रांगेवर ठेवल्यासारखा दाखवलाय. ९२ हत्ती म्हणतात. बहुतेकांच्या सोंडा फोडलेल्या आहेत, पण झुली, घंटा, दोर बघा, प्रत्येकाची वेगळी. दक्षिणेच्या दाराजवळ संस्कृतातला शिलालेख आहे, देवगिरीच्या यादव सिंघण राजाचा, शके ११३५ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४. देऊळ त्याच्या आधीचं, मुख्य काम शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. बाकीचे लेख बरेचसे कानडी. आतबाहेर करत आम्हाला दुपार झाली, आणि चाचा खरंच सावलीत झोपले होते.

गैरसोयी सांगतो. स्वच्छतागृहाच्या बाबतीत बायकांची अडचण होते, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणीच उरकून निघा. खायला चहा-भजी, हंगामात उसाचा रस, याच्या पुढं अपेक्षा नको. आम्ही कुरुंदवाडहून दशम्या आणि दही घेतलं होतं. माहिती सांगणारा गावकरी मिळाला तर घ्या, पण गोष्ट आणि इतिहास यांची तो भेळ करतो. आमच्या माणसानं छताच्या भोकाची तीन कारणं सांगितली, होमाचा धूर, आकाशाचं दर्शन आणि "स्वर्ग म्हणजे स्वर्गच की हो". मला तिसरं पटलं.

परतीला चाचांनीच आम्हाला मिरजेला सोडलं. मावशीची नागपूरची गाडी तिथूनच पकडली. कोल्हापूरला उलटं जाऊन तीच गाडी धरण्यात काही अर्थ नव्हता. नागपूर, पुण्याकडून येणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी: येताना कोल्हापूर, जाताना मिरज.

सगळे लोक खिद्रापूरला त्रिपुरी पौर्णिमेला जा म्हणतात, कारण मध्यरात्री चंद्र बरोबर त्या भोकावर येतो. येतोच. या अक्षांशावर कार्तिकातला पूर्णचंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो, आणि मंडप बांधणाऱ्याला ते माहीत असणार. पण त्या रात्री तिथं माणसांच्या डोक्यांपलीकडं काही दिसत नाही. माझा सल्ला वेगळा आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचे दिवस येतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर. त्या वेळी उन्हाचा गोल रंगशिळेवर बरोबर बसतो की जरा सरकतो, एवढंच मला बघायचं आहे, आणि मेमध्ये मी ते बघायला जाणार आहे. त्या उन्हात बरोबर यायला घरातलं कुणी तयार नाही. बायको म्हणाली, जा, पण कवठाची बर्फी दोन डबे आण आणि पायात मोजे घाल, फरशी भाजेल.